पहिला आठवडा सांभाळ, बाळा

बाळा, पौषातल्या थंडीत सूनबाई आणि दोन लेकरांना घेऊन तू म्युनिकला निघालास. माझ्या लेकाचं बस्तान बसवायला मी तिकडे राहून आले आहे, म्हणून चार गोष्टी कानात घालते. जे ठरवायचं ते रायपूरलाच, पोट भरलेलं असताना ठरवून ठेव. दमलेल्या माणसाला निर्णय घ्यायला लावायचा नाही. मी म्हणते ना, ठरवून निघाला तो निजला, वाटेत ठरवायला बसला तो फसला.

१. रायपूर ते म्युनिक सगळा प्रवास एकाच तिकिटावर घे — आपल्या माना विमानतळावरून युरोपला थेट विमान नाही, दिल्ली-मुंबईसारखं मोठं शहर गाठावंच लागतं. जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने पहिलं विमान लांबलं, तरी एकाच तिकिटावर पुढची सोय कंपनीला बघावी लागते.

२. तिकिटं वेगळी काढलीच असतील तर बॅगा देशातल्या विमानाच्या वजनात भर — इथे बहुधा माणशी १५ किलो चालतात, पुढच्या विमानात २३ किंवा जास्त. वरच्या किलोंचे पैसे रायपूरच्याच काउंटरवर मोजावे लागतात.

३. पासपोर्ट, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत ठेव, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नाही — कागद खांद्यावर तर जीव भांड्यात.

४. नगर निगमचा दाखला हिंदीत असेल तर त्याचं भाषांतर जर्मनीतल्या अधिकृत भाषांतरकाराकडून करून घ्यावं लागेल, हे धरून चाल — आणि चौघांच्या नावांचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का, ते आजच कंदिलाच्या उजेडात बघितल्यासारखं बघ.

५. गोवराच्या लसीची नोंद विशेष जप — २०२० च्या मार्चपासून तिकडे कायदाच आहे, दोन वर्षांवरच्या लेकराने दोन डोस घेतल्याचा पुरावा नसेल तर बालवाडीत घेत नाहीत.

६. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, आणि प्रत्येकाचा कपड्यांचा एक जोडही तिथेच — बॅटरी पोटातल्या सामानात चालत नाही, आणि बॅग मागे राहिली तर लेकराला ओल्या पायमोज्यांत रात्र काढावी लागू नये.

७. विमान उतरू लागलं की धाकट्याला काहीतरी चोखायला किंवा प्यायला दे — गिळताना कान मोकळे होतात. पोर निवांत तर अख्खी रांग निवांत.

८. शनिवारी संध्याकाळी उतरणारं विमान नको — रविवारी तिथली दुकानं बंद असतात, आणि दूध मिळवायला मोठ्या स्टेशनापर्यंत जावं लागतं.

आता खाण्याचं जरा सावकाश सांगते, कारण पहिल्या दोन दिवसांत घरात रडारड होते ती बहुतेक भुकेने.

९. दोन खिचड्यांपुरते तांदूळ आणि मुगाची डाळ, मेतकूट, भाजणी आणि तुझ्या आईने वाळवलेली बिजौरी घे; दुबराजचे तांदूळ असतील तर उत्तमच — ओळखीचा वास आला की लेकरं नव्या घराला घर म्हणतात.

१०. तूप, पेढे, खवा काही नेऊ नको, आईने कितीही डोळ्यांत पाणी आणलं तरी — बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे, कस्टमवाले काढून टाकतात. ताज्या कढीपत्त्यालाही परवानगीचा कागद लागतो, म्हणून तो वाळवून घे.

११. कुकर स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणारा बघ — साध्या ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट आहे, त्यामुळे मिक्सर चालेल, फक्त प्लगला अडॅप्टर हवा.

१२. जड जॅकेटं पंडरीच्या बाजारातून घेऊ नको, एकेक जाड स्वेटर आणि टोपी पुरे — तिकडची थंडी ओली आणि वाऱ्याची, तिचे कपडे तिथेच चांगले मिळतात, आणि बॅगेत जागा खिचडीला राहते.

डॉक्टरकी शिकायला निघालेल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्या जवळजवळ दोन महिन्यांत हवा, दिवस-रात्र, खाणं सगळं हळूहळू बदलत गेलं. तुझं विमान एका दिवसात पोचवतं. शरीर मात्र मागेच राहतं आणि आठवडाभराने येऊन मिळतं. म्हणून तो आठवडा त्याच्यासाठी मोकळा ठेव.

१३. हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, त्यामुळे लेकरं पहाटे तीनलाच टक्क जागी होतील. रागावू नको, अंधारात गोष्ट सांग — दिवसा लांब झोपू दिलं नाही आणि दुपारी उजेडात बाहेर फिरवलं की काही दिवसांत सुधारतं.

१४. घर घेतानाच विचार की घरमालक राहण्याचा दाखला देतो का, आणि राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद कर — याला तिथे आनमेल्डुंग म्हणतात, आणि बँक, कराचा क्रमांक, मुलांची शाळा, सगळं तिच्यावर अडून असतं.

१५. दारातल्या टपालपेटीवर तुझं आडनाव लाव, आणि सूनबाईंनी माहेरचं ठेवलं असेल तर तेही — तिथे पोस्टमन फ्लॅटचा नंबर बघत नाही, आडनाव बघतो. कराच्या क्रमांकाचं पत्र येतं ते याच पेटीत.

१६. तुझ्या आरोग्य विम्यात सूनबाई आणि मुलांची नावं लगेच घाल — सरकारी पद्धतीच्या विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न देता बसतात.

१७. मुलांचा डॉक्टर ताप येण्याआधी शोध, आणि हे आकडे फ्रिजवर लाव: अँब्युलन्स आणि आग ११२, पोलीस ११०, रात्री-रविवारचा डॉक्टर ११६११७ — घाबरल्यावर आकडे आठवत नाहीत.

१८. रायपूरचं सिम रोमिंगवर चालू ठेव — इथल्या बँकेचा ओटीपी त्याच्यावर येतो. जमलं की बँकेला कळवून खातं एनआरओ करून घे, परदेशात राहणाऱ्याला तसंच करावं लागतं.

१९. गाडीत चढण्याआधी तिकीट काढ आणि त्यावर शिक्का लागत असेल तर यंत्रात मारून घे — तपासनीस क्वचित येतो, पण आला की ६० युरो दंड. सहा वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागत नाही.

२०. रात्री दहानंतर आणि रविवारी मिक्सर लावू नको, चटणी शनिवारीच वाट — शेजारी भांडायला येणार नाही, पण घरमालकाकडे चिठ्ठी जाईल. पहिल्याच रविवारी वरच्या-खालच्या घरी ओळख करून ये.

आणि बाळा, भाषेची काळजी मला वाटत नाही. रायपूरच्या तात्यापाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या हिंदी आणि छत्तीसगढीत वावरून आपण घरात मराठी ठेवलीच ना.

२१. घरात मराठीच बोला, मुलांशी मोडकं जर्मन बोलू नका — चांगलं जर्मन त्यांना शाळेत मिळेल, मराठी मात्र फक्त तुमच्याकडून मिळेल.

२२. इथे चौबे कॉलनीत आपलं महाराष्ट्र मंडळ आहे, तसं म्युनिकलाही आहे. गणपतीची वाट न बघता पहिल्याच महिन्यात जा — मुलांचे तोकडे झालेले बर्फाचे बूट, चांगला दंतवैद्य, स्वस्त किराणा, हे सगळं तिथल्या वहिन्यांनाच ठाऊक असतं.

२३. आईच्या फोनची वेळ बांधून घे, रात्री इथले आठ म्हणजे तुमचे दुपारचे साडेतीन — आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ तासभर पुढे जाईल, त्या दिवसापासून तुमचे साडेचार धर. हे विसरू नको, नाहीतर तुझा फोन तासभर आधीच येऊन जाईल आणि ती आठला फोन हातात घेऊन वाट बघत बसेल आणि जेवायची राहील.