पाणचक्की पाहताना : उताराच्या पाण्याचा हिशेब

पाणी वर चढवायचे म्हणजे पंप हवा आणि पंप म्हटला की वीज हवी, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की पाणी स्वतःच्या वजनाने किती काम करू शकते याचा विचार सहसा होत नाही. विहीर खाली आणि रान वर असेल तर पंपाला पर्याय नाही. परंतु मावळ, मुळशी, भोर, राजगड, जुन्नर, आंबेगाव अशा डोंगरी भागात झरा किंवा बांधलेला ओढा वर आणि जमीन खाली, अशी परिस्थिती अनेक ठिकाणी आढळते. तेथेही पाणी आधी खाली नदीत सोडायचे आणि मग मोटार लावून तेच वर ओढायचे, असा उलटा व्यवहार चाललेला दिसतो.

या दृष्टीने विद्यार्थ्यांच्या अभ्याससहलीत आम्ही छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील पाणचक्की मुद्दाम ठेवतो. पर्यटक तेथे वडाचे झाड आणि हौदातील मासे पाहून परततात. शेतकऱ्याने मात्र त्या आवाराच्या भिंतीपाशी थोडा वेळ थांबावे.

पाण्याची वाट

खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजाजवळ, बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात ही चक्की आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम टप्प्याटप्प्याने झाले. दर्ग्यात येणारे यात्रेकरू, फकीर आणि गोरगरीब यांच्यासाठी येथे धान्य दळले जाई. या शहराला नहरींची परंपरा त्याहून जुनी आहे. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवले आणि डोंगराच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालून शहरात आणले. पाणचक्कीची नहर त्याच विद्येची पुढची पायरी आहे.

शहराच्या उत्तरेला, हर्सूलच्या बाजूला उंचावर पाणी धरले आणि भाजलेल्या मातीच्या नळांतून ते कित्येक किलोमीटर जमिनीखालून आणले. मध्ये कोठे मोटार नाही, मोट नाही, रहाट नाही. आवारात पोहोचल्यावर हे पाणी एका उंच भिंतीत आपणहून वर चढते आणि माथ्यावरून धबधब्यासारखे हौदात कोसळते. विद्यार्थी हमखास विचारतात, “सर, मोटार कुठे बसवली आहे?”

मोटार म्हणजे हर्सूलकडचा चढ. बंद नळातील पाणी आपल्या उगमाच्या पातळीपर्यंत परत चढू पाहते. वाटेत नळाशी होणाऱ्या घर्षणात जेवढी उंची खर्च होते तेवढी वजा करून उरलेल्या उंचीपर्यंत ते चढतेच. यालाच उलटी वक्रनळी म्हणतात. कालव्याचे पाणी ओढ्याखालून पलीकडे नेताना पाटबंधारे खाते हेच तत्त्व वापरते.

हौदाची बांधणीही पाहण्यासारखी आहे. त्याचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. वर पाण्याचा थर असल्यामुळे उन्हाळ्यातही हे दालन थंड राहते. हौद भरून वाहू लागला की जादा पाणी खाम नदीत जाते.

चक्कीचे काम

चक्कीचे चाक आडवे आहे. जोराने येणारे पाणी त्याच्या पात्यांवर आदळते, चाक फिरते आणि त्याच्या उभ्या आसावर बसवलेली जात्याची वरची तळी त्याच्याबरोबर फिरते. मध्ये दातेरी चाके नाहीत, पट्टा नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे दगडाचा एक फेरा. मोडण्यासारखे भाग जितके कमी तितकी दुरुस्ती गावात होणे सोपे. हिमाचल व उत्तराखंडातील घराट याच जातीचे. तेथे लाकडी पात्यांऐवजी धातूची वळणदार पाती आणि बेअरिंग बसवून जुन्या घराटांचे काम वाढवण्यात आले. काही ठिकाणी त्यावर लहान जनित्रही चालते.

आता हिशेब. पाण्याची शक्ती वॅटमध्ये काढण्यासाठी प्रवाह (लिटर प्रति सेकंद), पडण्याची उंची (मीटर) आणि ९.८१ यांचा गुणाकार करावा. समजा ओढ्याला सेकंदाला १० लिटर पाणी आहे आणि ते ३ मीटर खाली पडते. गुणाकार येतो २९४ वॅट. साध्या लाकडी आडव्या चाकाने यातील चौथा ते तिसरा हिस्सा हाती लागला तरी पुष्कळ, म्हणजे ७५ ते १०० वॅट. हे एका धडधाकट माणसाच्या सलग कष्टाइतके झाले. आकडा लहान दिसतो, पण माणूस आठ तासांनी थांबतो आणि चाक रात्रीही फिरते.

अशा दगडी चक्कीत पीठ सावकाश निघते आणि फारसे तापत नाही. बाजरीच्या पिठाला काही दिवसांत कडवटपणा येतो हे घरोघरी माहीत आहे. बाजरीत स्निग्धांश जास्त, आणि दळल्यावर त्याला हवा लागून तो लवकर बिघडतो. म्हणून बाजरी थोडी-थोडी, आठवड्यापुरती दळावी. हे कोणत्याही चक्कीला लागू आहे. केवळ पाण्यावर दळले म्हणून पीठ महिनाभर टिकेल, असे मानू नये.

परदेशातील एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. आयर्लंडमध्ये किलबेगन या गावी ब्रॉस्ना नदीच्या काठी १७५७ पासूनची व्हिस्कीची भट्टी आहे. तेथील उभे पाणचाक दातेरी चाकांमार्फत चक्की आणि इतर यंत्रे फिरवत असे. मोड आणून वाळवलेले सातू तेथे मुद्दाम जाडसर भरडतात. फार बारीक पीठ केले तर पुढे कोंड्यातून रस निथळत नाही. धान्य भिजवणे, मोड आणणे, वाळवणे ही कृती आपल्या नाचणी सत्त्वाचीच. उरलेला चोथा जनावरांना जातो. ही भट्टी १९५० च्या दशकात बंद पडली. १९८० च्या दशकात गावकऱ्यांनीच पुढाकार घेऊन चाकासह ती दुरुस्त केली, आणि २००७ मध्ये तेथे पुन्हा ऊर्ध्वपातन सुरू झाले. दारूशी आपल्याला कर्तव्य नाही. पण एका चाकावर अनेक कामे कशी बेतली जात, हे त्यावरून समजते.

पुण्याचे उच्छ्वास

पाणचक्की लांब वाटत असेल तर पुण्यातच कात्रजचा नळ आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी सुमारे आठ किलोमीटरवरील शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत आणले. काळा हौद, बदामी हौद ही नावे जुन्या पुणेकरांना ठाऊक आहेत. कात्रजला एकाखाली एक असे दोन तलाव आहेत. वरच्या तलावात गाळ बसावा आणि खालच्यातून निवळ पाणी नळात जावे, ही त्यामागची योजना. नळाच्या मार्गावर जागोजागी दगडी उच्छ्वास बांधले. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे, आणि आत उतरून गाळही काढता येई.

आपल्या पाइपलाइनीत नेमका हाच भाग विसरला जातो. भोर तालुक्यात एका बागायतदाराने वरच्या बांधावरून पाइप आणला. उतार चांगला, पाइप नवा, तरीही शेवटी पाणी निम्मेच. पाइप वाटेत एका उंचवट्यावरून गेला होता. त्या कुबडाशी हवा साठून राहिली होती आणि पाण्याला अर्धीच वाट उरली होती. तेथे हवेची झडप बसवल्यावर, दुसरा काहीही बदल न करता, प्रवाह सुधारला. म्हणून प्रत्येक उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह आणि प्रत्येक खोलगट जागी गाळ काढण्याची तोटी बसवावी. उगमाजवळ एअर व्हॉल्व्हऐवजी साधा उभा पाइपही चालतो. मात्र त्याचे तोंड टाकीतील पाण्याच्या पातळीच्या फूटभर वर हवे, अन्यथा खालची तोटी बंद करताच तेथून पाणी उसळेल.

आपल्या शेतात हिशेब कसा करावा

प्रथम उंची. १५ मीटर पारदर्शक नळीत हवेचा बुडबुडा न राहू देता पाणी भरावे, दोन काठ्यांवर खुणा करून टप्प्याटप्प्याने फरक मोजावा आणि वहीत मांडावा. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये. डोंगरउतारावर डोळा हमखास फसवतो. मग प्रवाह. सर्व पाणी एका पाइपात घेऊन २०० लिटरच्या पिंपात सोडावे. पिंप ४० सेकंदांत भरले तर प्रवाह सेकंदाला ५ लिटर.

आता समजा उंचीचा फरक २० मीटर आहे, अंतर ३०० मीटर आहे आणि सेकंदाला ५ लिटर पाणी आणायचे आहे. ९० मिमी पीव्हीसी पाइप घातला तर घर्षणात अंदाजे ३ मीटर उंची खर्च होते आणि १७ मीटर हाती राहते. खर्च वाचवण्यासाठी ६३ मिमी घातला तर नेमके उलटे घडते. १७ मीटर घर्षणातच जाते आणि उरते जेमतेम ३ मीटर. पाइपाच्या भिंतीच्या जाडीनुसार आकडे थोडे बदलतील, पण गोम हीच आहे. तेवढाच प्रवाह निम्म्या व्यासातून न्यायचा तर घर्षण सुमारे तीसपट वाढते. पंपाच्या लाइनीत ही चूक वीजबिलात लपते. उताराच्या लाइनीत ती लपत नाही, पाणीच येत नाही. दुकानदार काय म्हणतो त्यापेक्षा हा हिशेब आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

१० मीटर उंची म्हणजे साधारण १ किलो दाब. वरील उदाहरणात १७ मीटर उरले, त्यातील ३ ते ५ मीटर गाळणीत गेले, तरी ठिबकला लागणारा १ किलो दाब मिळतो. तुषार सिंचनाला २ किलोहून अधिक दाब लागतो, त्यासाठी ही उंची पुरणार नाही. याच ५ लिटर प्रवाहाला २० मीटर वर चढवायचे असते, तर पाइपातील घर्षण सोडूनही ५० टक्के कार्यक्षमतेच्या पंपाला सुमारे २ किलोवॅट वीज लागली असती, म्हणजे आठ तासांत १६ युनिट.

मोजणी मात्र चैत्र-वैशाखात करावी. श्रावणात मोजलेल्या ओढ्यावर बाग लावणारे पुढे टँकर शोधत फिरतात. वैशाखात सेकंदाला अर्धाच लिटर पाणी उरले तरी निराश होऊ नये. अर्धा लिटर म्हणजे दिवसरात्रीत ४३,२०० लिटर. उन्हाळी भाजीपाल्याला दिवसाला ६ मिमी पाणी धरले तर एकरी सुमारे २४,००० लिटर लागतात. गळती व इतर नुकसान वजा जाता ठिबकवर दीड एकर निभावते. अट एकच. रात्रीचे पाणी साठवायला टाकी हवी, नाहीतर निम्मे पाणी आपण झोपेत असताना वाहून जाते.

टाकीत पाइपाचे तोंड तळापासून फूटभर वर आणि पाण्याच्या पातळीच्या किमान दीड फूट खाली ठेवावे. खाली असले तर गाळ ओढते, वर असले तर भोवरा होऊन हवा ओढते. तोंडाला जाळी व पुढे गाळ बसण्यास लहान खोली करावी. पाइप अडीच-तीन फूट खोल गाडावा. २० मीटर उंचीसाठी ४ किलो दाबाचा पाइप घ्यावा आणि खालची तोटी सावकाश बंद करावी. एकदम बंद केल्यास पाण्याचा धक्का बसून जोड उखडतात. झरा किंवा ओढा सामाईक असेल तर पिण्याचे पाणी व खालच्या शेतकऱ्यांचा वाटा आधी ठरवून घ्यावा आणि ग्रामपंचायतीची व संबंधित खात्याची परवानगी काढावी.

उगमाची काळजी सर्वांत महत्त्वाची. संभाजीनगरच्या नहरींच्या मार्गावर वस्ती वाढली, खोदकामे झाली आणि त्यांचे पाणी घटले. पाणलोटातील झाडी तुटली, वरच्या अंगाला कूपनलिका झाल्या की झरा आटतो, आणि मग उत्तम पाइपही कोरडा राहतो. झऱ्याच्या वरच्या उतारावर समतल चर, गवत आणि चराईबंदी यांवर केलेला खर्च पाइपलाइनीच्या खर्चातच धरावा.

पाणचक्की पाहण्यास जायचे असल्यास पावसाळा संपताच, आश्विन-कार्तिकात जावे. त्या वेळी पाणी भरपूर असते आणि भिंतीवरून पडणारी धार नीट दिसते. आधी भिंतीचा माथा पाहावा, मग चाकाची पाती, आणि शेवटी हौदाचे जादा पाणी नदीकडे कोठून जाते ते. जाताना बारा-पंधरा मीटरची पारदर्शक नळी सोबत ठेवल्यास हौद आणि नदी यांच्या पातळीतील फरक तेथेच मोजून पाहता येईल. आमचे विद्यार्थी तो मोजतात आणि प्रत्येक गटाचे उत्तर पहिल्या खेपेला वेगळे येते. बहुतेक वेळा नळीत बुडबुडा राहिलेला असतो.