टायगर बार्बचा उपद्रव

प्रश्न : आमच्या दोन फुटी टाकीतील दोन टायगर बार्ब एंजल माशाचे पर सतत कुरतडतात. उपाय सुचवावा. (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : सुमात्रा-बोर्निओकडील हा मासा स्वभावतः थव्याने राहणारा असून, आठ-दहांच्या समूहात त्याची आक्रमक वृत्ती परस्परांवर कुरघोडी करण्यातच खर्ची पडते, दोनच नग ठेविले म्हणजे तीच वृत्ती संथपणे विहरणाऱ्या एंजलकडे वळते, आणि त्याच्या पोटाखालील सुतासारख्या परांची टोके प्रथम तुटू लागतात. थवा वाढविण्यास आपली टाकी अपुरी आहे, आणि थव्यातही एंजलला पूर्ण अभय नसते. तेव्हा त्याची स्वतंत्र टाकीत तातडीने तजवीज करावी. स्वच्छ पाण्यात पर पुन्हा वाढतात. मात्र नळाचे पाणी क्लोरीन काढूनच घालावे. नकोसे झालेले बार्ब दुकानदारास परत द्यावेत. कृपा करून प्रवरेत सोडू नयेत.