वर्धा शहरात वर्धा नदी का नाही?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, चौथी-पाचवीच्या वर्गात हा प्रश्न हमखास येतो : "सर, वर्ध्यात वर्धा नदी कुठे आहे?" शहरभर फिरलात तरी ती दिसत नाही. प्रश्न छोटा असला, तरी त्यात जिल्ह्याचा निम्मा इतिहास दडलेला आहे.

आधी नदी बघू. मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात सातपुड्याचं मुलताई पठार आहे. तिथेच तापी उगम पावते आणि वर्धाही. गंमत बघा, तापी पश्चिमेला अरबी समुद्राकडे जाते. वर्धा मात्र दक्षिणेकडे वळते, वैनगंगेला मिळते, पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोहोचते. नकाशावर मुलांना दोन्ही वाटा बोटाने गिरवायला सांगा.

आता वस्ती. जुन्या काळी माणूस पाण्याजवळ राहिला. वर्धेच्या काठी, आज अमरावती जिल्ह्यात असलेलं कौंडिण्यपूर विदर्भाची प्राचीन राजधानी मानलं जातं. धाम नदीकाठचं पवनार म्हणजेच वाकाटकांचं प्रवरपूर, असं अनेक अभ्यासक मानतात. हिंगणघाट वणा नदीवर वसलं. धाम, बोर, वणा यांचं पाणी शेवटी वर्धेलाच मिळतं.

पुढे हीच नदी सीमा झाली. 1803 च्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. आजही नदीपलीकडे अमरावती विभाग, अलीकडे नागपूर विभाग!

1862 मध्ये नागपूरपासून वेगळा जिल्हा झाला. मुख्यालय आधी पुलगावजवळच्या कवठ्याला, म्हणजे नदीच्या बाजूला होतं. मग रेल्वे आली. काळ्या मातीतला कापूस आगगाडीने मुंबईला जाऊ लागला. 1866 मध्ये मुख्यालय पालकवाडी या खेड्याच्या जागी हलवलं आणि तिथे आखीव शहर वसवलं. नाव नदीचं, जागा मात्र रेल्वेमार्गावरची. मुलांच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

पण धडा इथे संपवू नका. अप्पर वर्धा आणि निम्न वर्धा धरणांमुळे शेतीला पाणी मिळालं, तशी काही गावं पाण्याखालीही गेली. तुमच्या वर्गात एखादं मूल पुनर्वसित गावातलं असेल. त्याच्या आजीसाठी "आमचं गाव" म्हणजे जलाशयातली एक जागा आहे. वस्तीच्या इतिहासाचं हे पान पुस्तकात सापडत नाही, ते आजीलाच विचारावं लागतं.

उपक्रम : प्रत्येक मुलाने घरी विचारून चार ओळी लिहायच्या. आपलं गाव इथेच का वसलं? पाणी, रस्ता, रेल्वे की धरण? उत्तरं वर्गात मोठ्याने वाचा. पुनर्वसित गावातल्या मुलाला आधी एकट्याला विचारा, त्याला सांगावंसं वाटलं तर त्याची गोष्ट सगळ्यांनी नीट ऐका.