फाडणे, फाटणे आणि 'टेअर'

बारावीत असताना एका उताऱ्यातील वाक्याचे मी भाषांतर केले होते : 'ती आई आणि नोकरी यांच्यामध्ये फाटली.' सारा वर्ग हसला. मूळ शब्द होता 'टॉर्न'. आमच्या घरात कॉलेजपर्यंत कोणी गेलेले नाही, विचारणार कोणाला? तेव्हापासून या क्रियापदाची मी वहीच घातली. तीतील थोडे येथे देतो.

मराठीत क्रियापदे दोन. आपण कापड फाडतो. जुने झाले की ते आपोआप फाटते. इंग्रजीत दोन्हींना 'टेअर'च. त्याची रूपे टेअर, टोअर, टॉर्न. याच स्पेलिंगचा 'टिअर' म्हणजे अश्रू. फरक कळतो तो उच्चारावरून.

खरी गंमत मागून येणाऱ्या लहान शब्दांत आहे. 'टेअर अप' म्हणजे कागदाचे तुकडे तुकडे करणे. 'टेअर डाउन' म्हणजे घर पाडणे. 'टेअर इन्टू' म्हणजे एखाद्यावर तुटून पडणे. 'टेअर पास्ट' म्हणजे कर्नाळ्याच्या खिंडीतून मुंबई-गोवा महामार्गावरचे ट्रक जातात तसे सुसाट जाणे. 'वेअर अँड टेअर' ही वापराने होणारी झीज. आणि 'टेअर वनसेल्फ अवे' म्हणजे मोठ्या कष्टाने निघणे. 1968 साली जाहीर झालेल्या आमच्या पक्षी अभयारण्यात सकाळी गेलेल्याचा पाय तेथून निघत नाही, तेव्हा हा प्रयोग शोभेल.

मराठीत अर्थ बदलतो तो नामामुळे. लाकूड फाडतात, डोळे फाडून पाहतात, दूध फाटते, संकटे चहूकडून आली की आभाळच फाटते. 'पावती फाडा' म्हणजे पावती द्या. याचे शब्दशः इंग्रजी केले तर हाती पावतीचे कपटेच येतील! म्हणून शब्दाला शब्द न ठेवता आपल्याकडे त्या प्रसंगी काय म्हणतात, ते आधी आठवावे.

'टॉर्न'चा अर्थ मात्र मला कोशात नीट कळला नाही. बारावीचा निकाल लागला तेव्हा वडिलांनी पनवेलला एका दुकानात माझ्यासाठी काम पाहून ठेवले होते, आणि माझ्या खिशात कॉलेजचा फॉर्म होता. दोन रात्री झोप आली नाही. मराठीत आपण म्हणू, जीव दोन्हीकडे ओढत होता. शेवटी सकाळी कॉलेज आणि दुपारी दुकान असे ठरले.

परवा वही पाहून आईने विचारले, "काय लिहितोस?" मी म्हटले, "फाटणे." ती गोधडी शिवीत होती. म्हणाली, "फाटलं तर शिवायचं. त्यात लिहायचं काय?"

तेही वहीत लिहून ठेवले आहे.