पाण्यातल्या लोहाची शोधमर्यादा कशी काढावी

पाण्यात लोह लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेले की कपड्यांवर तांबूस डाग पडू लागतात. फेनॅन्थ्रोलिनच्या नारिंगी रंगावरून त्याहून कितीतरी कमी लोह मोजता येते. किती कमी, हे ब्लँकची (लोह न घातलेल्या, फक्त रसायनांच्या द्रावणाची) रीडिंग किती मागेपुढे होतात यावर ठरते, आणि ते प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतः तपासायचे असते.

कृती

१. सगळी काचेची भांडी हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन डिस्टिल्ड वॉटरने खळखळून घ्या. काचेला चिकटलेले लोह ब्लँकमध्ये उतरते.

२. स्पेक्ट्रोफोटोमीटर अर्धा तास आधी चालू करा. तरंगलांबी ५१० नॅनोमीटर ठेवा. शून्य डिस्टिल्ड वॉटरवर लावा. ब्लँकवर लावल्यास रसायनांतले लोह दिसणारच नाही.

३. दहा वेगवेगळे ब्लँक करा. प्रत्येकी ५० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये २ मिली आम्ल आणि १ मिली हायड्रॉक्सिलअमाइन घालून १५ ते २० मिली उरेपर्यंत उकळा. गार झाल्यावर १० मिली अ‍ॅसिटेट बफर व ४ मिली फेनॅन्थ्रोलिन घालून पुन्हा ५० मिली करा. एकच फ्लास्क दहा वेळा वाचू नका. त्यातून फक्त उपकरणाचा नॉईज कळतो. पिपेट, भांडी, रसायने यांच्यातले चढउतार दहा फ्लास्कमध्येच दिसतात.

४. पंधरा मिनिटांनी रीडिंग घ्या. सरासरी आणि प्रमाण विचलन काढा. भागताना १० नव्हे, ९ घ्या.

५. ०.१, ०.२, ०.५ आणि १.० मिग्रॅ/लिटरची प्रमाण द्रावणे याच रीतीने करून आलेखाचा चढ काढा. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये तो ०.२ च्या आसपास येतो.

६. शोधमर्यादा = ३ × विचलन ÷ चढ. विचलन ०.००२ असेल तर ती ०.०३ मिग्रॅ/लिटर. तीनऐवजी दहाने गुणले की मापनमर्यादा मिळते: ०.१०.

७. पडताळा घ्या. ०.०६ मिग्रॅ/लिटरची सात द्रावणे करा. एखादे जरी ब्लँकपासून वेगळे ओळखता आले नाही, तर काढलेली मर्यादा मानू नका.

८. अहवालात ०.०३ च्या खाली ‘शून्य’ लिहू नका, ‘०.०३ पेक्षा कमी’ लिहा. ०.०३ ते ०.१० मध्ये ‘लोह आढळले, प्रमाण निश्चित नाही’ एवढेच म्हणा.

मर्यादा खाली आणायची असेल, तर पाच सेंटिमीटरचा क्युव्हेट वापरा. चढ पाचपट होतो. चार स्वतंत्र रीडिंगच्या सरासरीने नॉईज निम्मा होतो. मात्र आम्लातच लोह असेल, तर कितीही सरासरी काढून ते जात नाही; बाटली बदलावी लागते.