नळीघरातला मुक्काम

हनोईच्या जुन्या पेठेत राहायचं असेल तर मोठ्या हॉटेलच्या मागे लागू नका, असं मी आता कुणालाही बेधडक सांगते. होआन किएम तळ्याच्या उत्तरेला 'छत्तीस गल्ल्या' म्हणून ओळखला जाणारा हा भाग आहे. इथली लहान बुटीक हॉटेलं जुन्या व्यापाऱ्यांच्या घरांत, किंवा ती पाडून त्याच अरुंद जागेवर उभी राहिली आहेत. पहिल्यांदा आईला घेऊन गेले, नंतरही तिथेच उतरत राहिले. त्या मुक्कामांनी जे शिकवलं ते इथे लिहिते.

१. खोली ठरवण्याआधी घराचा आकार समजून घ्या.

पूर्वी रस्त्यावरच्या दुकानाच्या दर्शनी बाजूला मोल होतं, म्हणून घरं रुंदीला जेमतेम तीन-चार मीटर आणि आत लांबच लांब, नळीसारखी बांधली गेली; हीच ती नळीघरं. मधे उजेड-वाऱ्यासाठी पुण्याच्या वाड्यातल्यासारखे चौक ठेवलेले असत. मा माय रस्त्यावरचं ८७ नंबरचं घर दुरुस्त करून लोकांसाठी खुलं केलंय. ते पहिल्याच दिवशी पाहा. मग आपल्या हॉटेलचा नकाशा डोक्यात पक्का बसतो. हॉटेल बांधताना या चौकांचं बहुतेक ठिकाणी अरुंद डक्ट झालं. त्यामुळे पुढच्या खोलीला बाल्कनी आणि रस्त्याचा गोंगाट, मधल्या खोलीला खिडकीच नाही किंवा डक्टवर उघडणारी, आणि मागच्या खोलीला शांतता, असा साधा हिशोब असतो. 'खिडकी आहे' एवढ्यावर थांबू नका, ती कुठे उघडते ते विचारा. आमची एक खिडकी उघडली तर हातभर अंतरावर शेजारची भिंत होती. तिच्यावर एसीची ठिबकणारी पेटी, तारेवर कुणाचा तरी शाळेचा पांढरा शर्ट, आणि पहाटेपासून तळणाचा वास. मला ती खोली आवडली. आईला मात्र आकाश दिसल्याशिवाय सकाळ झाल्यासारखं वाटत नाही, म्हणून तिच्यासाठी वरच्या मजल्यावरची मागची खोली मागून घेतली. ती थोडी महाग पडली, पण पैसे वसूल झाले.

२. लिफ्ट आहे का, ते लेखी विचारा. असली तरी त्यात दोन माणसं आणि एक बॅग, एवढंच मावतं. नसली तर जिना उभा आणि अरुंद असतो. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर ही चौकशी सगळ्यात आधी.

३. पत्ता व्हिएतनामी लिपीत, स्वरचिन्हांसकट, घरनंबरासह जवळ ठेवा.

इथे एकच सरळ रस्ता थोड्या थोड्या अंतरावर नाव बदलतो. तळ्याकडून निघालात तर आधी हांग दाओ, मग हांग न्गांग, मग हांग दुओंग, आणि शेवटी दोंग सुआन बाजार. त्यात एखादं हॉटेल नावाजलं की त्याच्या नावाशी मिळतंजुळतं नाव दुसरं हॉटेलही लावतं. म्हणून टॅक्सीवाल्याला हॉटेलचं नाव सांगण्यापेक्षा घरनंबर दाखवा.

४. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र या वेळेत पोहोचत असाल तर बॅग हलकी ठेवा. तळ्याभोवतीचे रस्ते तेव्हा वाहनांना बंद असतात, आणि वर सांगितलेल्या रस्त्यावर संध्याकाळी रात्रबाजार भरतो. टॅक्सी अलीकडेच सोडते, पुढे पायीच जावं लागतं. ता हिएन गल्लीच्या आसपास मात्र झोपेसाठी खोली घेऊ नका. तिथे बिअर पिणाऱ्यांची गर्दी रात्री उशिरापर्यंत हटत नाही.

५. पासपोर्ट मागितला तर घाबरू नका. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणं हॉटेलवर बंधनकारक आहे. नोंद झाली की लगेच परत मागा. बहुतेक जण स्वतःहूनच देतात.

६. काउंटरवरच्या माणसांशी ओळख करून घ्या.

माझ्या मते छोट्या हॉटेलचं खरं वैभव हेच. मोठ्या हॉटेलात आपण खोलीच्या नंबराने ओळखले जातो, इथे दुसऱ्या सकाळी आईचा चहा साखरेविना हे काउंटरवरच्या मुलीला पाठ होतं. स्कूटरींच्या लोंढ्यातून रस्ता कसा ओलांडायचा हे तिनेच शिकवलं. आईचा हात धरून ती सरळ रस्त्यात उतरली. एकाच संथ चालीने चालायचं, मधेच थबकायचं नाही, पळायचं नाही, मागे तर अजिबात फिरायचं नाही. तुमची चाल बघून स्कूटरवाला आपली वाट ठरवतो. लॉबीच्या कोपऱ्यात जमिनीलगत एक लाल देव्हारा होता, भूमिदेव आणि धनदेवाचा. ती सकाळी तिथलं पाणी बदलायची, उदबत्ती लावायची. आई तिच्या शेजारी हात जोडून उभी राहिली. दोघींची भाषा वेगळी, पण त्यानंतर आईची वेगळी काळजी मला कधी करावी लागली नाही.

७. खाण्याचं आधीच बोला. नाश्त्याला फो असतोच. 'फो बो' म्हणजे गोमांसाचा, 'फो गा' म्हणजे कोंबडीचा. भाजी दिसली म्हणून पदार्थ शाकाहारी असतोच असं नाही; माशाचा सॉस, नुओक माम, कशातही पडतो. शाकाहारी खानावळींच्या पाटीवर 'चाय' असं लिहिलेलं असतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी इथले अनेक लोकही शाकाहार पाळतात, त्या दिवशी तुमची सोय सहज होते.

८. नोटा उजेडात मोजा. २० हजार डाँगची नोट निळी आणि ५ लाखांचीही निळसर. फरक २५ पटींचा आहे. दोन्ही वेगळ्या कप्प्यांत ठेवा.

९. रात्री उशिरा येणार किंवा पहाटे निघणार असाल तर सांगून ठेवा.

रात्री शटर खाली येतं, स्कूटरी लॉबीत ओळीने लावल्या जातात, आणि रात्रपाळीचा मुलगा तिथेच अंथरूण टाकून झोपतो. बेल वाजवली तर तो उठतो, कुरकुर करत नाही; पण त्याला वेळ आधी माहीत असावी हे न्यायाचं. नोई बाय विमानतळ पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. दिवसा ८६ नंबरची नारिंगी बस जाते, पहाटेसाठी मात्र गाडी आदल्या संध्याकाळीच काउंटरवरून ठरवावी. तेव्हाच नाश्ता बांधून मागा. पाव, केळं, उकडलेली अंडी असं काहीतरी बांधून देतात. अंडं चालत नसेल तर तेही त्याच वेळी सांगा.