रक्तदाबाचं भाकीत कितीला पडतं?

‘पुढच्या दहा वर्षांत तुम्हाला बीपी होईल का, ते आजच जाणून घ्या’ अशा धाटणीच्या जाहिरातींना हल्ली तोटा नाही. आईवडील दोघांनाही बीपी, आपण चाळिशीच्या उंबरठ्यावर, मग चार पैसे जास्त गेले तरी चालतील असं वाटणं साहजिक आहे. पण पैसे मोजण्याआधी हे भाकीत कशाच्या जोरावर केलं जातं, ते पाहिलेलं बरं.

आपण खाल्लेल्या अन्नाची मोडतोड होताना रक्तात हजारो लहान रेणू तयार होतात. त्यांना मेटाबोलाइट म्हणतात. अमिनो आम्लं, मेदाम्लं, शिवाय आतड्यातल्या जिवाणूंनी बनवलेले कितीतरी पदार्थ त्यात येतात. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र थोड्याशा रक्तातून असे शेकडो रेणू एका दमात मोजतं. त्यांचा रक्तदाबाशी संबंध आहे, ही काही थाप नव्हे. २००८ साली ‘नेचर’मध्ये इंटरमॅप अभ्यासाचे निष्कर्ष आले. चीन, जपान, ब्रिटन आणि अमेरिकेतल्या ४,६३० जणांची लघवी त्यात तपासली होती. ज्यांच्या लघवीत हिप्पुरेट आणि फॉर्मेट जास्त, त्यांचा रक्तदाब कमी. अ‍ॅलानिन जास्त, त्यांचा जास्त. २०१३ साली अमेरिकेतल्या ‘एरिक’ अभ्यासात रक्तदाब सामान्य असलेल्या ८९६ कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांच्या रक्तातले रेणू मोजून पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. ४-हायड्रॉक्सीहिप्पुरेट ज्यांच्यात एका टप्प्याने जास्त होतं, त्यांना उच्च रक्तदाब होण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त निघाला.

१७ टक्के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. समजा, तुमच्यासारख्या १०० जणांपैकी २० जणांना पुढेमागे बीपी होणारच होता, तर ते २३-२४ होतील. त्या तीन-चार जणांत तुम्ही आहात की नाही, हे रिपोर्ट सांगत नाही. शिवाय गंमत बघा: हिप्पुरेट आणि ४-हायड्रॉक्सीहिप्पुरेट हे जवळचे नातलग, पण एक कमी रक्तदाबासोबत सापडतो आणि दुसरा वाढत्या धोक्यासोबत. दोन्हींवर चहा, फळं आणि आतड्यातले जिवाणू यांचा परिणाम होतो. संशोधकांसाठी हा मोठा ऐवज आहे. तुमच्या डॉक्टरांसाठी मात्र त्यात काही करण्याजोगं नाही, कारण अमुक आकड्याच्या वर गेलात की औषध सुरू करा, अशी रेषा या रेणूंसाठी कुणीही आखलेली नाही.

खाजगी लॅबमध्ये रक्तातल्या अमिनो आम्लांचं पॅनेल साधारण ४ ते ८ हजारांना पडतं. हेच तंत्र नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या थेंबावर वापरतात, आणि तिथे ते सोन्याच्या मोलाचं आहे; चयापचयाचा जन्मजात दोष सापडला की बाळाचं दूध त्याच आठवड्यात बदलता येतं. पंचेचाळिशीतल्या धडधाकट माणसाला पाच हजार घालवून मिळणारा सल्ला मीठ कमी करा, चाला, वजन उतरवा हाच असेल, तर तो फुकटही मिळतो.

बरं, कामाचे मेटाबोलाइट तुमच्या नेहमीच्या रिपोर्टात आधीपासून असतातच. क्रिएटिनिन, युरिक अ‍ॅसिड, साखर, कोलेस्टेरॉल ही सगळी त्याच गोतावळ्यातली. पुण्या-मुंबईत क्रिएटिनिनचे १५० ते ३००, सोडियम-पोटॅशियमचे ३०० ते ६००, लिपिड प्रोफाइलचे ४०० ते ८००, एचबीए१सीचे ४०० ते ६००, लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराचे ४०० ते ८०० आणि ईसीजीचे २०० ते ४०० रुपये धरा. म्हणजे सगळं मिळून दोन ते साडेतीन हजारांत काम भागतं. जिल्ह्याच्या ठिकाणी याहून कमी लागतात. यातली लघवीची तपासणी हटकून राहून जाते, कारण पॅकेजात ती क्वचित असते. मूत्रपिंडाला पोचलेली झळ मात्र तीच सर्वांत आधी दाखवते. ती मागून घ्या.

‘८५ पॅरामीटर, फक्त १,४९९’ या हिशेबाला भुलू नका. एका सीबीसीचेच वीसेक पॅरामीटर मोजले जातात, आणि लिपिड प्रोफाइलमधली गुणोत्तरं तर नुसता भागाकार असतो. पॅरामीटर किती ते सोडा, वर लिहिलेल्या तपासण्या यादीत आहेत का तेवढं बघा. लॅबला एनएबीएलची मान्यता आहे का, तेही विचारा.

एक बारकावा सहसा कुणी सांगत नाही. रक्त घेताना दंडाला पट्टा आवळून ‘मूठ उघडमीट करा’ म्हणतात. त्याने पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसू शकतं. घरून घेतलेली ट्यूब सीरम वेगळं न करता तासन्‌तास बर्फाच्या डब्यात फिरली, तरी तेच होतं, कारण पेशींमधलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. हे महत्त्वाचं अशासाठी, की बीपीवाल्या माणसाचं पोटॅशियम कमी निघणं हा अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या बिघाडाचा सुगावा असू शकतो, आणि तो अशा हलगर्जीपणात दडून जातो. म्हणून पोटॅशियमसाठी शक्यतो लॅबमध्ये जाऊनच रक्त द्या. अ‍ॅल्डोस्टेरॉन-रेनिनची तपासणी तीनचार हजारांची आहे. पोटॅशियम कमी असेल, तीन औषधं घेऊनही बीपी उतरत नसेल किंवा अगदी तरुणपणी वाढला असेल, तर त्या तपासणीवरचा खर्च रास्त आहे.

वाचलेले पाच हजार कुठे घालायचे? दंडावर बांधायच्या डिजिटल बीपी मशीनमध्ये. चांगलं मशीन दीड ते तीन हजारांत येतं. मनगटावरचं टाळा. ‘स्ट्राइड बीपी’च्या संकेतस्थळावर पडताळणी झालेल्या मॉडेलांची यादी आहे, ती दुकानात जाण्याआधी बघा. पट्टा घेताना दंडाचा घेर टेपने मोजा: ३२ सेंटिमीटरच्या वर असेल, तर साधा पट्टा आकडा फुगवून दाखवतो, मोठा घ्यावा लागतो. मोजायचं असं: पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत. सकाळी दोनदा, रात्री दोनदा, सलग सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात हीच रेषा १४०/९० ची असते. दवाखान्यात चढतो आणि घरी उतरतो, अशी शंका असेल तर २४ तासांचं यंत्र बांधतात; त्याचे दीड ते साडेतीन हजार. येत्या काही वर्षांत बीपी होईल का, याचा भरवशाचा इशारा आजचा नीट मोजलेला बीपीच देतो. १२२ पासून १३४ वर सरकत गेलेल्या माणसाला दुसऱ्या भाकिताची गरज नाही.

कमी सोडियमच्या मिठाचा बोलबाला आहे. ते चांगलं, पण त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि मीठ बदलून फरसाण, पापड, लोणचं तसंच चालू ठेवलं तर उपयोग शून्य.

पैसे नसतील तरी अडत नाही. तिशीपुढच्या कुणाचाही बीपी आणि साखर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत काही आकारत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र त्यात येत नाहीत. गोळ्या सुरू झाल्याच, तर जनऔषधी केंद्रात अ‍ॅम्लोडिपिनच्या दहा गोळ्या दहा रुपयांच्या आत मिळतात.

खाजगी लॅबची पावती फेकू नका. जुन्या करप्रणालीत असाल, तर प्रतिबंधात्मक तपासणीचे वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत वजा होतात. ते आरोग्य विम्याच्या मर्यादेतच धरले जातात, त्यावर वेगळे नाहीत. पैसे रोखीने दिले असले तरी चालतं. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही.